सायलेन्सरचं वेल्डिंग पुन्हा पुन्हा त्याच जागी का सुटतं?

तक्रार ठरलेली असते. गाडी स्टार्ट केली की केबिनखालून फटफट आवाज, डोळ्यांना झोंबणारा धूर आणि मालकाचं एकच वाक्य: "दादा, मागच्याच महिन्यात वेल्ड मारलंय. या वेळी जरा जाड मारा." जाड मारलं तरी ते सुटतंच, फक्त जुन्या जोडाच्या बोटभर पुढे.

अशा वेळी सगळं खापर वेल्डरच्या डोक्यावर फोडायची आपल्याकडे रीत आहे. कधीकधी चूक त्याची असतेही. पण एकाच जागी तिसऱ्यांदा तुटत असेल, तर त्या जोडावर दुसरंच काहीतरी जोर लावतंय. ते सापडेपर्यंत मशीन चालू करू नका.

ग्राइंडर लावण्याआधी चीर बघा

बहुतेक गॅरेजमध्ये गाडी आली की पहिल्यांदा ग्राइंडर फिरतो आणि सगळा पुरावा उडून जातो. आधी तारेच्या ब्रशने जागा साफ करा, बॅटरीच्या उजेडात चीर कुठून कुठे गेली आहे ते बघा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. चीर कुठे आहे यावरून निम्मं निदान होतं.

वेल्डच्या कडेला लागून, पाईपच्या अंगाने गोल फिरलेली चीर असेल तर तो थकवा आहे. पाईप रोज हजारो वेळा थोडाथोडा वाकतोय आणि जिथे जाड वेल्ड संपून पातळ पत्रा सुरू होतो तिथे तो फाटतोय. जोड पूर्ण तुटून हातात आला असेल तर तुटलेलं तोंड बघा. काळं, काजळी बसलेलं, घासून गुळगुळीत झालेलं अंग म्हणजे जुनी चीर. चमकणारं, खरखरीत अंग म्हणजे शेवटच्या खड्ड्यात गाडी आदळली तेव्हा तुटलेला भाग. काळा भाग जास्त आणि चमकणारा कमी असेल, तर ही चीर बऱ्याच दिवसांपासून वाढत होती. इथे वेल्ड जाड करून काही मिळत नाही. उलट जाड आणि पातळ यांतला फरक वाढतो आणि पत्रा त्याच कडेला लवकर फाटतो.

वेल्डच्या मधोमध, लांबीच्या दिशेने चीर गेली असेल तर गाडी रस्त्यावर जायच्या आधीच ती पडलेली असते. वेल्ड थंड होताना आकसतं, आणि रन, म्हणजे वेल्डची ओढलेली रेघ, पोकळ, मधे खोलगट असेल, चुकीची वायर असेल किंवा आत तेल, घाण गेली असेल तर ते मधेच उलतं. रनच्या शेवटच्या खड्ड्यात चांदणीसारखी बारीक चीर दिसली तर आर्क, म्हणजे धातू वितळवणारी विजेची ज्योत, झटकन तोडलाय. शेवटी क्षणभर थांबून तो खड्डा भरून घेतला की हा प्रश्न राहत नाही.

पिनहोल, म्हणजे वेल्डमध्ये सुईने टोचल्यासारखी भोकं, याचं कारण गंज, झिंक, काजळी किंवा वारा. आणि वेल्ड शाबूत, पण शेजारचा पाईप स्क्रू-ड्रायव्हरने दाबला की आत जातोय, असं असेल तर वेल्डिंगचा विषयच संपला. तो पाईप कुजलाय. कुजलेल्या पत्र्यावर वेल्ड धरत नाही, भोक मोठं होत जातं. चांगला धातू लागेपर्यंत कापा आणि नवा तुकडा घाला.

बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) डिझेल गाडीत, धूर स्वच्छ करायला युरियाचं पाणी सोडणाऱ्या इंजेक्टरनंतरच्या जोडावर पांढरे खडे दिसले तर तिथून गळती आहे हे नक्की. खडे आधी कोमट पाण्याने धुऊन काढा, त्यांच्यावरच वेल्ड मारायला जाऊ नका.

जाळीचा पाईप काढला, तिथून सगळं सुरू होतं

आता सगळ्यात जास्त दिसणारी केस. छोटा डिझेल पिकअप, भाजी नाहीतर दूध वाहणारा. इंजिनच्या तोंडांतला धूर एकत्र करणाऱ्या मॅनिफोल्डच्या खाली फ्रंट पाईप, त्यात वीतभर लांबीचा जाळीचा लवचिक तुकडा, ज्याला आपण बेलो म्हणतो. जाळी फाटते, आवाज येतो. नवा बेलो महाग वाटतो, म्हणून कोणीतरी तेवढा भाग कापून सरळ पाईप जोडून देतं. आवाज बंद, मालक खूश. काही दिवसांनी चीर पडते, पण नव्या जोडावर नाही. कधी फ्लँजजवळ (दोन पाईप बोल्टने जोडणारी जाड चकती), कधी मॅनिफोल्डच्या स्टडवर, तर कधी मागे सायलेन्सरच्या तोंडाशी.

इंजिन रबरच्या माउंटिंगवर बसलेलं असतं. क्लच सोडला, रेस दिली की ते हलतं, आणि ते हलायलाच हवं. सायलेन्सर मात्र चासीला लटकलेला असतो. या दोघांमधली हालचाल गिळायचं काम बेलोचं. तो काढला की ती हालचाल पाईपमध्ये जाते आणि पाईप सगळ्यात कमजोर जागी तुटतो. त्यात तापमानाची भर. एक मीटर साध्या स्टीलचा पाईप ४०० अंशांनी तापला तर साधारण ५ मिलिमीटर लांबतो, ३०४ स्टेनलेस असेल तर ७ मिलिमीटर. दोन्ही टोकं पक्की धरली असतील तर हे ५ मिलिमीटर जाणार कुठे? दर वेळी गाडी तापली की पाईप ढकलतो, थंड झाली की ओढतो. रोज दहा ठिकाणी थांबणाऱ्या पिकअपमध्ये हे दिवसातून कितीदा होत असेल, तुम्हीच मोजा.

म्हणून बेलोच्या जागी बेलोच. लांबी आणि व्यास मूळच्याइतका. नवा बेलो बसवताना तो ताणून, दाबून किंवा पिळून बसवू नका. आरामात असताना दोन्ही टोकांना टाके, म्हणजे छोटे तात्पुरते वेल्ड, पडले पाहिजेत. वेल्ड मारताना जाळीवर ओलं फडकं किंवा पत्रा झाका. शिंतोडे जाळीत अडकले की तिथेच ती कडक होते आणि तिथूनच फाटते.

बेलो ठीक असेल तर इंजिनची माउंटिंग बघा. एकाने गाडीत बसून रेस द्यायची, दुसऱ्याने लांब उभं राहून इंजिन किती झुकतं ते पाहायचं. रबर बसलेलं किंवा फाटलेलं असेल तर बेलोही पुरा पडत नाही. मग मागे जाऊन सायलेन्सरची लटकणारी रबरं बघा. निम्म्या गाड्यांत एखादं रबर गायब असतं आणि त्या जागी बाइंडिंग वायर असते. याहून वाईट म्हणजे कोणीतरी सळईचा तुकडा घेऊन सायलेन्सर थेट चासीलाच वेल्ड केलेला असतो. "आता हलणारच नाही" म्हणून. हलणार नाही हे खरं, म्हणून तर तो फाटतो.

सायलेन्सर सुटा केल्यावर एक गोष्ट जरूर करा. फ्लँजचे बोल्ट काढले की पाईप आपल्या जागीच राहतो की स्प्रिंगसारखा उडी मारून बाजूला जातो? उडी मारत असेल तर तो ओढूनताणून बसवलेला होता. तेवढा ताण जोडावर कायमचा होता, इंजिन बंद असतानाही.

वायर कुठली लावताय?

एक्झॉस्टमध्ये साधारण चार धातू भेटतात. साधं स्टील, ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेलं स्टील, ४०९ सारखं चुंबक चिकटणारं स्टेनलेस आणि ३०४ सारखं न चिकटणारं. गोंधळ ४०९ चा होतो. त्यात क्रोमियम फक्त ११ टक्क्यांच्या आसपास असतं, वरून तपकिरी डाग पडतो, चुंबकही चिकटतो, त्यामुळे वेल्डर त्याला साधं लोखंड समजून नेहमीची तांब्याच्या मुलाम्याची सीओटू वायर (साध्या स्टीलची, कार्बन डायऑक्साइड गॅसवर चालणारी) लावतो. जोड दिसायला छान येतो. पण त्या रनमध्ये क्रोमियम जवळजवळ उरतच नाही, आणि तापात तो सगळ्यांत आधी गंजून खपल्या सोडतो. साध्या स्टीलवर गंज थरांनी सुटतो. ४०९ वरचा डाग बहुधा वरवरचा असतो, पॉलिश पेपरने घासला की खाली स्वच्छ धातू लागतो. यावरून बराच अंदाज येतो.

४०९ ला त्याच जातीची, टायटॅनियम किंवा नायोबियम असलेली वायर सगळ्यात चांगली. ती प्रत्येक दुकानात मिळत नाही. मग ३०९ एल ही स्टेनलेसची वायर. स्टेनलेस आणि साधं स्टील एकमेकांना जोडायचं असेल तरी ३०९ एलच. ३०४ ला ३०४ जोडायचं तर ३०८ एल. पण लक्षात ठेवा, ३०९ आणि ३०८ तापल्यावर ४०९ पेक्षा जास्त फुगतात. मॅनिफोल्डच्या अगदी जवळ, जिथे पाईप लाल होतो, तिथे या फरकामुळे कडेला चीर जाऊ शकते. मागच्या थंड भागात ही काळजी कमी.

४०९ वर फार वेळ आर्क धरला तर वेल्डशेजारचा पट्टा ठिसूळ होतो, कारण त्यातले कण मोठे होतात आणि नंतर पुन्हा लहान होत नाहीत. करंट कमी, हात झपाट्याचा, मधे थंड होऊ द्यायचं. ३०४ मध्ये रोग वेगळा. ४५० ते ८५० अंशांच्या पट्ट्यात फार वेळ राहिलं की क्रोमियम कार्बनशी जोडलं जातं आणि कणांच्या कडा गंजायला मोकळ्या होतात. 'एल' असलेली कमी कार्बनची वायर त्यासाठीच असते. इथे एक गंमत सांगतो. महागाची ३०८ एल वायर आणायची आणि गॅस मात्र शंभर टक्के कार्बन डायऑक्साइड लावायचा, हे फार चालतं. त्या गॅसमधून रनमध्ये कार्बन जातो आणि 'एल'चे पैसे पाण्यात. स्टेनलेसला आर्गनमध्ये अगदी थोडा सीओटू किंवा ऑक्सिजन असलेलं मिश्रण लागतं. ते नसेल तर सरळ टिग लावा, ज्याला आपण आर्गन वेल्डिंग म्हणतो.

हार्डवेअरच्या दुकानातला पाण्याचा जीआय (झिंकचा मुलामा दिलेला) पाईप एक्झॉस्टला जोडणाऱ्यांना हात जोडून विनंती: नका. झिंक ९०७ अंशांना उकळतं, आर्क त्याच्या कितीतरी पुढे असतो. वाफ रनमधून फुटून बाहेर येते आणि पिनहोल सोडते. ती छातीत गेली की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, ते वेगळंच. मुलामा दिलेला एक्झॉस्ट पाईपसुद्धा जोडापासून बोटभर अंतरापर्यंत घासून पांढरा करूनच वेल्ड करा.

प्रत्यक्ष काम

चीर बुजवायची नाही, काढायची. दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचं भोक पाडा म्हणजे ती पुढे पळणार नाही, मग मधला सगळा भाग ग्राइंड करून काढा. जुन्या वेल्डवर नवा थर, त्यावर आणखी एक थर, असं केलं की चीर खाली तशीच जिवंत राहते आणि वर वाट काढते. पाईपच्या आतली काजळीही काढा. लोक बाहेरून आरशासारखं चकचकीत करतात आणि आत बोटभर काळा थर तसाच ठेवतात. तोच कार्बन वितळलेल्या धातूत जातो. साफ करायला क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर मात्र कधीच वापरू नका. आर्कच्या उष्णतेने त्याचा विषारी वायू होतो.

पाईप गाडीवर बसवा, सगळे फ्लँज, रबरं, ब्रॅकेट हाताने सैल लावा, सगळं आपल्या जागी आलं की टाके मारा. मग खाली उतरवून पूर्ण वेल्ड. गाडीखाली झोपून वरच्या बाजूचं वेल्डिंग कोणालाच नीट जमत नाही. पाईपची वरची पाव बाजू दिसत नाही, हात पोचत नाही, तिथे नुसता लेप बसतो आणि गळती तिथूनच होते. गोल एका दमात फिरू नका. समोरासमोरचे तुकडे घ्या, नाहीतर आकसून पाईप वाकतो आणि फ्लँज तिरका होतो.

फ्लँज ८-१० मिलिमीटर जाड, पाईप जेमतेम दीड. आर्क मधोमध धरला तर पाईप कापला जातो आणि फ्लँजला धातू नुसता चिकटतो. आर्क फ्लँजवर ठेवा आणि वितळलेला धातू पाईपवर सरकू द्या. पाईपच्या बाजूला नखाने चाचपून बघा. कडेला बारीक खाच लागली तर तो अंडरकट आहे आणि पुढची चीर तिथूनच सुरू होणार. पातळ पाईपला सीओटूची ०.८ मिलिमीटरची वायर पुरते. ३.१५ मिलिमीटरचा ६०१३ (साध्या स्टीलचा नेहमीचा) वेल्डिंग रॉड घेऊन दीड मिलिमीटरच्या पाईपवर बसणं म्हणजे भोकं पाडायचं काम.

ब्रॅकेट थेट पाईपवर उभं वेल्ड करू नका. आधी पाईपच्या गोलाईत बसेल असा पत्र्याचा पट्टा, कोपरे गोल केलेले, आणि त्यावर ब्रॅकेट. रन ब्रॅकेटच्या कोपऱ्यावर थांबवायचा नाही, वळवून पुढे न्यायचा. कोपऱ्यावर थांबलेला रन पाईप फाडतो.

आणि पंखा. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये पंख्याशिवाय बसवत नाही हे मान्य. पण तो पंखा थेट वेल्डिंगच्या टॉर्चवर येत असेल तर सिलेंडरमधला गॅस शेजारच्या दुकानात जातोय. रन स्पंजसारखा आला की मशीनची सेटिंग बदलण्याआधी पंख्याचं तोंड फिरवून बघा.

स्टेनलेस टिगने जोडताना पाईपची दोन्ही तोंडं टेपने बंद करून आतही आर्गन सोडा. नाही सोडला तर आतल्या बाजूला काळे, दाणेदार फोड येतात. बाहेरून जोड सोनेरी दिसतो आणि आतून तो अर्धाच शिल्लक असतो.

बिडाचा मॅनिफोल्ड

हा वेगळा प्राणी आहे. बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, ३ ते ४ टक्के कार्बन असतो, वेल्डशेजारचा भाग झटकन थंड झाला की काचेसारखा कडक होतो. टक् असा आवाज येतो आणि वेल्डशेजारीच नवी चीर. निकेलचा रॉड लागतोच. एक तर पूर्ण मॅनिफोल्ड तीनशे अंशांच्या आसपास सारखा तापवा, किंवा थंड पद्धतीने इंचभराचे छोटे रन मारा, प्रत्येक रन गरम असतानाच हातोडीच्या गोल तोंडाने हलके ठोका आणि हात लावता येईल इतका थंड झाल्याशिवाय पुढचा मारू नका. अर्धवट तापवणं सगळ्यात वाईट. झाल्यावर राखेत किंवा कोरड्या चुन्यात पुरून रात्रभर ठेवा. वेल्ड मारताना मॅनिफोल्ड जुन्या हेडला किंवा जाड प्लेटला बोल्ट करून ठेवा, नाहीतर तोंडं एका रेषेत राहणार नाहीत.

पण तो उललाच का, हे आधी शोधा. बऱ्याच मॅनिफोल्डमध्ये टोकाची भोकं मुद्दाम थोडी मोठी किंवा लांबट असतात, म्हणजे तापल्यावर त्याला सरकायला जागा मिळते. कोणी तिथे जाड बुश घातला, स्टड वाकडा बसला किंवा बोल्ट जिवाच्या आकांताने आवळला की मॅनिफोल्ड अडकतो आणि मधे उलतो. तोंडावर स्टीलची पट्टी धरून खाली उजेड दिसतो का पाहा. दिसला तर फेसिंग करून, म्हणजे तोंड मशीनवर सपाट करून, घ्या. नवा मॅनिफोल्ड सहज मिळत असेल तर माझं मत नवाच टाका. निकेलचे रॉड आणि मजुरी धरली तर हिशेब फारसा वेगळा येत नाही.

उसाच्या हंगामात ट्रॅक्टरचे उभे सायलेन्सर येतात ते असेच. दोन ट्रॉल्या मागे, रस्ता शेताचा, आणि उभा पाईप वर मोकळा डोलतोय. तो तळाच्या फ्लँजशीच तुटतो. वर बॉनेटजवळ एक क्लँप देऊन आधार द्या, मात्र तापून लांबायला जागा राहील असा. तळाला त्रिकोणी पट्ट्या मारून भागत नाही. मग त्या पट्ट्यांच्या वरच्या टोकाला तुटतो.

पाणी

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. एक किलो सीएनजीतून तर सव्वादोन किलोच्या आसपास. लांब पल्ल्याच्या गाडीत ती वाफ बाहेर जाते. गल्लीतल्या गल्लीत फिरणाऱ्या गाडीत सायलेन्सर तापतच नाही, पाणी खाली साठतं, त्यात आम्ल उतरतं आणि खालची शिवण कुजते. म्हणून अनेक सायलेन्सरना खाली बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. "इथून पाणी गळतंय" म्हणून ते भोक वेल्ड करून बुजवलेले सायलेन्सर मी कितीतरी पाहिले. कोकणात किनाऱ्याजवळच्या गाड्यांना वरून खारी हवाही खाते, तिथे साध्या स्टीलचा तुकडा टाकण्यापेक्षा स्टेनलेसच परवडतो.

गाडी द्यायच्या आधी

जोड तपासायला जुना उपाय आहे. खाली काढलेल्या पाईपच्या बाहेरून खडूची पातळ पेस्ट फासा, वाळू द्या, आतून रॉकेल किंवा डिझेल लावा. चीर असेल तर पांढऱ्यावर तेलकट रेघ उमटते. नंतर पाईप पुसून पूर्ण वाळवा, आणि पुन्हा वेल्ड लागणार असेल तर तेलाचा अंशही ठेवू नका. महागाच्या कामाला लाल डाय आणि पांढऱ्या डेव्हलपरची डीपी टेस्ट (रंग चिरेत मुरवून ती दाखवणारी तपासणी) करा.

गाडीवरच टाका मारायची वेळ आली तर बॅटरीची निगेटिव्ह काढा, ऑक्सिजन सेन्सर काढून ठेवा आणि अर्थिंग जोडाच्या अगदी जवळ लावा. बंपरला अर्थिंग लावलं तर करंट टर्बोच्या किंवा चाकाच्या बेअरिंगमधूनही वाट काढतो. सेन्सरच्या आधी बारीक गळती राहिली तर तिथून हवा आत ओढली जाते, सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) इंधन वाढवतं आणि मालक ॲव्हरेज पडल्याची तक्रार घेऊन येतो.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि डीपीएफ (डिझेलची काजळी अडवणारा फिल्टर) यांच्या डब्यावर शक्यतो हात घालू नका. आतली जाळी बहुधा सिरॅमिकची असते, तिच्याभोवतीचं पॅकिंग वेल्डच्या तापाने सैल झालं की ती आत खुळखुळायला लागते. तिथे फ्लँजपर्यंतचा पाईपच बदला.

नवं गॅस्केट घाला, फ्लँजचे बोल्ट आलटून पालटून आवळा, इंजिन पूर्ण तापवा, थंड होऊ द्या आणि मग पुन्हा एकदा पाना लावा. मालकाला सांगा की आठवड्याभराने एक चक्कर मार. जोडाभोवती काळा ओघळ दिसला तर तेव्हाच कळेल, आणि त्या वेळी काम अर्ध्या तासाचं असतं.